परवाचं सातवरून काढ

३ नोव्हेंबर, सोमवार

आली ती. शलाका. पुण्याची. आणि पहिल्याच दिवशी खिडकीजवळची जागा मिळाली तिला! हीच जागा मी गेल्या वर्षी मागितली होती. तेव्हा प्रणीत म्हणाला होता, "वसुमतीजी, वहाँ का एसी खराब है." आज एसी आपोआप बरा झाला वाटतं.

प्रणीत माझा साहेब. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, पण साहेब. त्यानेच ओळख करून दिली. "दोनों मराठी! अब तो आप दोनों की अलग पार्टी हो गई." पार्टी कसली डोंबलाची!

तिने विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या, वसुमतीताई?" म्हटलं, इथलीच, बेंगळुरूची. "नाही, पण मूळ?" साडेतीनशे वर्षं झाली आमच्या लोकांना इथे येऊन. आणखी किती खाली खणायचं?

दिसायला छान आहे. लिहून टाकते, म्हणजे मनात कुढायला नको.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पूर्ण बॅकअपचा दिवस. तिला सगळं दाखवावं लागलं. रुग्णालयांचे एक्स-रे, एमआरआय, सगळे स्कॅन आमच्या सर्व्हरवर असतात. त्यांची पूर्ण नक्कल महिन्यातून दोनदा, मंगळवारी. मधल्या शनिवारी फक्त नवे बदल. पूर्ण नक्कल इतकी अवाढव्य की एका ठिकाणी मावत नाही, म्हणून तिचे चार तुकडे करून चार, पाच, सहा आणि सात नंबरच्या व्हॉल्यूमवर, म्हणजे डिस्कच्या कप्प्यांवर, ठेवायचे. आठ नंबर अडीअडचणीला. कुठला तुकडा कुठे, हे मी ठरवते. कुठली डिस्क थकली आहे, कुठलीत अजून दम आहे, हे मला पंगतीत वाढणाऱ्या बाईसारखं न विचारता कळतं. आणि चारही तुकडे असले तरच बॅकअप उघडतो. एक गेला की उरलेले तीन म्हणजे नुसती अडगळ.

तिने शांतपणे ऐकलं. मानही हलवली. मग म्हणाली, "पण हे तुम्ही हाताने का करता? सिस्टीम स्वतः वाटून घेऊ शकते की."

एवढं सगळं ऐकून हेच विचारायचं होतं!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवताना मी तिला म्हटलं, "सकाळीच तीन नंबरची डिस्क बघून आलो मी." सवयीने बोलून गेले. घरी आम्ही बायकाही आलो, गेलो असंच म्हणतो. माझ्या वडिलांची, अण्णांची, आई तसंच बोलायची, माझी आई तसंच बोलायची. लिहिताना मी नीट लिहिते, कारण लिहायला पुस्तकांतून शिकले. बोलायला घरात शिकले.

तर ती हातातला घास तसाच ठेवून हसली. "आलो? अय्या, किती गोड!"

गोड! बोबडं बोलणाऱ्या पोराला म्हणतात तसं. मी सत्तेचाळीस वर्षांची बाई आहे. पुढचं सगळं जेवण मी इंग्रजीत जेवले. म्हणजे तिच्याशी इंग्रजीत बोलले. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

खिडकीत तिने तुळस ठेवली आहे. प्रणीत तिला पाणी घालतो!

११ नोव्हेंबर, मंगळवार

मीटिंग. शलाकाने पडद्यावर रंगीत चौकोन दाखवले. सगळे व्हॉल्यूम एकत्र करून एकच मोठा साठा करायचा, तुकडे कुठे जातील ते यंत्रच बघेल, माणसाने मध्ये पडायचं नाही. प्रणीत खुर्चीत पुढे सरकून ऐकत होता. मी बोलते तेव्हा तो फोन बघतो.

शेवटी म्हणाला की डिसेंबरात नवी यंत्रणा बसेल आणि तिच्यासाठी एक प्रमुख नेमायचा आहे. "दोघींपैकी एक," असं म्हणाला नाही, पण बघितलं दोघींकडे. आधी तिच्याकडे.

ही जागा माझी आहे. मी इथे आले तेव्हा दोन डिस्क होत्या आणि एक डगमगणारं टेबल. हे सगळं मी उभं केलं. ही कालची पोरगी माझ्या डोळ्यांदेखत घेऊन जाणार असेल तर मी गप्प बसणार नाही. पण काय करणार? तिच्या चौकोनांत चूक सापडत नाही. घरी येऊनही तेच शोधत बसले. नाहीच सापडली. चांगलं काम केलं आहे मेलीने!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तिने तिच्या पीजीतल्या मावशीची नक्कल केली. महादेवपुऱ्याला राहते ती, तिथली मावशी रोज सांबार पातळ करत करत शेवटी म्हणे, "इन्नू स्वल्प नीर हाकला, अब सबको पुरेगा." कन्नड, मराठी, हिंदी, तिन्ही भाषांचे सारखेच हाल! मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत ऑफिसात मी मराठीत कधी हसले नव्हते. इथे आहेच कोण? मराठी म्हणजे घर आणि अण्णा.

मग राग आला. तिचा नाही, माझाच. जिच्यामुळे पोटात दुखतं तिच्याच बरोबर मी पोट धरून हसत होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अण्णांना तिच्याबद्दल सांगायलाच नको होतं. आठवडाभर धोशा लावला होता. "घेऊन ये की त्या पोरीला. स्वल्प चांगली मराठी कानावर पडू दे." चांगली मराठी! मग मी जन्मभर तुमच्याशी काय बोलते, अण्णा?

आली. मेट्रोने एवढ्या लांब गवीपुरमला आली, वाकून नमस्कार केला. आणि आमचे अण्णा, नरसिंहराव, जे डॉक्टर आले तरी खुर्चीतून उठत नाहीत, ते उठून उभे! "ये, ये पोरी. बस. कॉफी घेतीस काय? आमच्यात चहा कमी हं." तिने कॉफी घेतली. मग अण्णांनी दिवाळी अंक तिच्या हातात दिला. "वाच की एक. ऐकतो."

तिने वाचलं. अण्णा डोळे मिटून ऐकत होते, ओठ हलत होते. मी वाचते तेव्हाही डोळे मिटतात, पण ते झोपतात.

जाताना दारात मला म्हणाली, "बरं वाटलं हो, वसुमतीताई. पीजीत सगळ्या हिंदीत बोलतात. कधी कधी दोन-दोन दिवस तोंडातून मराठी शब्द निघत नाही. आता तुम्ही आहात." मी हो म्हटलं. आणि आत आले तर अण्णा म्हणतात, "काय चोख बोलती गं पोरगी! पुन्हा कधी येती?"

भांडी जरा जोरातच घासली मी.

१६ नोव्हेंबर, रविवार

अण्णांनी आज दोनदा तिचं नाव काढलं. माझं एकदाही नाही, पण मी समोरच होते म्हणा.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पूर्ण बॅकअप छान झाला. चार तुकडे चार जागी. मी वाटले, माझ्या हाताने. आधीचा सेट डिस्कच्या पेटीत घालून बेळ्ळंदूरच्या दुसऱ्या इमारतीत पाठवला. प्रणीतने विचारलंसुद्धा नाही. तो शलाकाच्या टेबलाशी उभा राहून कुठल्या तरी विनोदावर हसत होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज डोकं फिरलं माझं. सकाळी प्रणीत वाटेत भेटला. "शलाका का डिझाइन क्लायंट को बहुत पसंद आया. आप उसको थोडा गाइड कीजिए ना, आपके पास एक्सपीरियन्स है." म्हणजे दिवा तिच्या हातात आणि तेल मी घालायचं!

दुपारी ती सगळ्यांसमोर आली. "वसुमतीताई, सात नंबरवर जागा कमी पडतेय, वॉर्निंग आलीये. काय करू?" साधी गोष्ट. शनिवारच्या बदलांचं काम सात नंबरला नेमलेलं होतं, ते मावणार नव्हतं. तिथून उचलून आठवर टाकायचं, संपलं. एरवी मी अशा गोष्टी इंग्रजीत लिहून पाठवते, नंबर घालून. पण तिने मराठीत विचारलं, तर मराठीतच उत्तर द्यावं. आणि लांब वाक्य बोललं की मध्येच कुठून तरी घरचं काही तरी डोकावतं, मग पुन्हा ते "किती गोड!" म्हणून तोडूनच बोलले, मान वर न करता.

"परवाचं सातवरून काढ."

"परवाचं? नक्की?"

"हो म्हटलं ना!"

गेली. आठवर टाक, हे मी सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. एवढी क्लायंटला आवडणारी, तिला कळायला नको?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वॉर्निंग गेली. म्हणजे जमलं तिला. जरा वाईटच वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजचं सगळं क्रमाने लिहून ठेवते.

सकाळी मुख्य सर्व्हरच्या दोन डिस्क एकदम बसल्या. एका रुग्णालयाचं सगळंच गेलं, वर्षानुवर्षांचे स्कॅन. ठीक आहे, यासाठीच तर आम्ही आहोत. मी म्हटलं, घाबरू नका, मंगळवारचा सेट आहे. प्रणीत मागे उभा, रुग्णालयाचा माणूस फोनवर. चार आहे. पाच आहे. सहा आहे. सात —

सात नंबरवर तुकडाच नाही!

मी तीनदा बघितलं. मग नोंद बघितली, तर गुरुवारी दुपारी पुसलेला. शलाकाने. आणि त्यानंतर शनिवारचे बदल आरामात त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसलेले. ज्याच्यावर बसायचं तेच नाही, तर बदल घेऊन काय करायचं!

फोनवरचा माणूस सांगत होता की उद्या एका बाईच्या डोक्याची शस्त्रक्रिया आहे, डॉक्टरांना तिचे जुने एमआरआय शेजारी ठेवून बघायचे आहेत. मी म्हटलं, वेळ लागेल. त्यांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. कोण असेल ती बाई? तिला काय सांगितलं असेल?

खरं सांगू? हे ऐकताना आत कुठे तरी गार वाटलं. आता कळेल प्रणीतला! असं वाटलं मला. त्या बाईची शस्त्रक्रिया पुढे गेली आहे आणि मला असं वाटलं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

प्रणीतने दोघींना आत बोलावलं. शलाका रात्रभर रडलेली दिसत होती. तिने सरळ सांगितलं, "वसुमतीताईंनी सांगितलं म्हणून काढलं."

मी उसळलेच. "मी? मी परवाचं काढ म्हटलं होतं!"

"मग? परवाचंच काढलं मी!"

"खोटं बोलू नकोस! परवाचं म्हटलं होतं, परवाचं!"

"अहो, पण परवाचंच —"

"इंग्लिश में, प्लीज!" प्रणीतने टेबलावर हात आपटला. "मुझे कुछ समझ में नहीं आ रहा!"

मग इंग्रजीत. त्याने मला विचारलं, मंगळवारचा सेट पुसायला तुम्ही सांगितलं होतं का? मी म्हटलं, नाही. कधीच नाही. आणि ते खरंच होतं! जो सेट मी स्वतः चार ठिकाणी मांडला तो मी कशाला पुसायला सांगेन? शलाका माझ्याकडे बघत राहिली. तोंड अर्धवट उघडं.

एवढं धडधडीत खोटं कसं बोलवतं एखाद्या माणसाला! तेही असं चोख मराठीत.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बेळ्ळंदूरहून जुनी पेटी आणली. पाऊण दिवस गाडीत गेला, रिंग रोडवर नेहमीसारखं. तो सेट महिन्याच्या सुरुवातीचा, त्यापुढचे स्कॅन नाहीत. ते रुग्णालयाच्या यंत्रांच्या पोटात महिनाभर राहतात, तिथून एकेक ओढून काढायचे. शलाका आणि मी शेजारी बसून तेच करतोय. ती नंबर वाचते, मी टाकते. तिने आवाज चढवला नाही, एकही नंबर चुकवला नाही. त्याचाही राग आला.

घरी आल्यावर अण्णांना सगळं सांगितलं. दोन दिवस गिळून बसले होते. "मी परवाचं काढ म्हटलं, अण्णा, आणि तिने मंगळवारचं काढलं. वर म्हणते परवाचंच काढलं."

अण्णांनी विचारलं, "कुठल्या दिवशी सांगितलीस?"

"गुरुवारी."

"मग बरोबरच की. गुरुवारी त्यांचा परवा म्हणजे मंगळवारच."

"त्यांचा म्हणजे?"

"अगं वसू, कालच्या मागच्याला आपण मोन्ने म्हणतो. काल, मोन्ने. उद्या, परवा. त्यांच्यात मोन्ने कुठं आहे? त्यांचा मागचाही परवा, आणि पुढचाही परवाच!" आणि ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, पाणी दिलं मी.

मोन्ने. कन्नड शेजाऱ्यांकडून कधी घरात आला कोण जाणे, मला तो आमचाच वाटायचा. मराठी पुस्तकांत मागचा परवा शंभरदा वाचला आहे मी! वाचताना कळतो. पण तोंडात येतो तो आमच्या स्वयंपाकघरातला, एकच, पुढचा. मी येणारं काम हलवायला सांगितलं, तिने झालेलं पुसलं. आम्ही दोघीही खरं बोलत होतो.

नाही, दोघी नाही. तिने विचारलं होतं, "नक्की?" मी तिच्याकडे बघितलंही नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जिन्यात गाठून सांगितलं तिला. मोन्नेचं सगळं. ती भिंतीला टेकली. मग हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम.

"म्हणजे मी वेडी नाही! अहो, मला वाटत होतं तुम्ही मुद्दाम अडकवलंत मला. काल आईला फोन करून सांगितलं, मी परत येते म्हणून."

म्हटलं, आईला सांग, येत नाही म्हणावं.

"प्रणीतला सांगाल ना? सगळं? मी विचारलं होतं ना तुम्हाला, नक्की का म्हणून."

"सांगते."

तिने माझा हात धरला. तिचे हात गार होते, एसीखाली बसते ना.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

त्या बाईचे एमआरआय मिळाले! सगळे. जुन्या पेटीत बहुतेक, दोन यंत्रांतून. दुपारी पाठवले. शलाकाने टाळी मागितली, मी दिली. मग दोघींनी खाली जाऊन मसाला डोसा खाल्ला. तिने विचारलं, तेरवाला काय म्हणता तुम्ही? आणि बसल्या बसल्या काल-उद्याची आमच्या घरची सगळी उजळणी करून घेतली माझ्याकडून. या वेळी गोड नाही म्हणाली. "भारी आहे हे. तुमचं जास्त सोयीचं आहे," म्हणाली.

प्रणीत बाहेर होता. सोमवारी सांगते.

३० नोव्हेंबर, रविवार

प्रमुख कोण हे या आठवड्यात ठरणार. सगळं सांगितलं की जागा तिची. तिने विचारून खात्री करून घेतली होती, मी मात्र हातातलं काम टाकून दोन शब्द जास्त बोलायला तयार नव्हते. का, तर तिचे चौकोन क्लायंटला आवडले म्हणून. असं कोण कबूल करेल साहेबापुढे?

अण्णांनी विचारलं, "पोरगीला या रविवारी बोलावली नाहीस?" मी म्हटलं, तिला काम आहे. तिला काही काम नव्हतं.

तिच्याबद्दल वाईट वाटतं आणि ती इथे आलीच नसती तर बरं झालं असतं, असंही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं. याला कुठल्या भाषेत शब्द आहे?

१ डिसेंबर, सोमवार

सांगितलं.

प्रणीतला म्हटलं की चूक कुणाचीच नाही, आमच्या भाषेत एका शब्दाचे दोन अर्थ होतात, माझ्याकडे एक, तिच्याकडे दुसरा, म्हणून घोटाळा झाला. शलाका खोटं बोलली नव्हती, हे स्पष्ट सांगितलं. अगदी स्पष्ट.

"वेट. दो दिन पहले और दो दिन बाद, दोनों के लिए एक ही वर्ड?" तो इतका हसला की बाहेरचे वळून बघायला लागले. "क्या लँग्वेज है यार!"

मीही हसले. लाज वाटली हसताना, पण हसले. शलाकाच्या भाषेवर हसतोय असं वाटलं मला तेव्हा, आणि बरंही वाटलं. दार लावून बाहेर आल्यावर कळलं, माझीही तीच आहे.

"नक्की?"बद्दल त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

शलाकाने चहाच्या यंत्रापाशी विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. दोन अर्थांचं. तू खोटी नाहीस हेही."

"आणि मी परत विचारलं होतं ते?"

"त्याची गरज नाही पडली."

यंत्राने कप भरला, थांबलं. "बरं," म्हणाली ती.

तिला सांगायचं असतं तर ती स्वतः जाऊन सांगू शकते की! मी काही तोंड धरलेलं नाही तिचं. दिवसभर वाट बघितली, जाते का प्रणीतकडे. गेली नाही.

३ डिसेंबर, बुधवार

मला केलं! प्रमुख! प्रणीत म्हणाला, संकटात तुम्ही डोकं शांत ठेवलं, जुनी पेटी तुम्हाला आठवली, आणि चूक कुणावर ढकलली नाही, ही मॅच्युरिटी हवी. शलाका माझ्या हाताखाली. चौकोन तिचे, पण सही माझी.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही. मला वाटलं होतं, तिच्या तोंडाकडे बघून मजा येईल. मी बघितलंच नाही.

अण्णांना जिलबी नेली. "आणि पोरगी? तिला काय मिळालं?" जिलबी हातात धरून हेच विचारलं त्यांनी!

४ डिसेंबर, गुरुवार

प्रणीतने सांगितलं की घडल्या प्रकाराचा अहवाल क्लायंटला जाईल, त्यात उपाय लिहायला हवा. उपाय त्यानेच सुचवला. यापुढे टीममध्ये कामाचं बोलणं फक्त इंग्रजीत. तोंडी असो, लेखी असो. "नो मोर मराठी बॅकअप्स," म्हणाला आणि पुन्हा हसला. सूचना प्रमुखाच्या नावाने जायला हवी.

मी म्हटलं, सगळ्यांना कशाला? टीममध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. "तो फिर प्रॉब्लेम क्या है?" म्हणाला.

बसून लिहिली. चार ओळी. इंग्रजीत छान लिहिते मी, कुठेही घरचं डोकावत नाही. पाठवण्याआधी वाटलं, शलाकाला आधी तोंडी सांगावं. तिच्या खुर्चीकडे बघितलं तर ती तुळशीला पाणी घालत होती. सांगायचं तर मराठीतच सांगितलं असतं ना!

पाठवून दिली.

५ डिसेंबर, शुक्रवार

तिचं उत्तर आलं. "नोटेड." दिवसभर काम झालं, सगळं बिनचूक. सात नंबर मोकळा, आठ नंबर मोकळा. सूचना फक्त कामापुरती आहे, हे तिला जेवताना सांगेन म्हटलं, पण ती आज लवकर जेवून आली होती. सोमवारी सांगते.

८ डिसेंबर, सोमवार

जेवताना तिने माझ्याकडे मीठ मागितलं. इंग्रजीत.